प्रीमियम इकॉनॉमी : रात्रीच्या प्रवासाला घ्या

विमानातल्या प्रीमियम इकॉनॉमीत, म्हणजे साध्या इकॉनॉमी आणि बिझनेस क्लासच्या मधल्या वर्गात, सहा-सात इंच जास्त जागेसाठी इतके जास्त पैसे का मोजायचे, असा प्रश्न पडणं रास्त आहे. पण इकॉनॉमीत दोन रांगांमधलं अंतर साधारण ३१-३२ इंच असतं, प्रीमियममध्ये बहुतेक ठिकाणी ३८. उंच माणसाच्या गुडघ्यांना हा फरक पहिल्याच तासात कळतो. सीट रुंद असते, पाठही जास्त मागे जाते. पूर्ण आडवं मात्र होता येत नाही, ती अपेक्षा ठेवू नका. दहा तासांपुढचा रात्रीचा प्रवास असेल तर मी घेतो. दिवसा इकॉनॉमीतच बसतो, आइल सीट (मधल्या वाटेलगतची) धरून. आणि हो, लहान मूल सोबत असेल तर बघून घ्या: प्रीमियमच्या सीटचे हात (आर्मरेस्ट) बऱ्याचदा वर उचलत नाहीत, कारण जेवणाचा ट्रे त्यातच असतो. मुलाला शेजारी आडवं करता येत नाही.