शब्दचर्चा : 'मूर्ती', 'दैवत' आणि 'जागृत'

प्रश्न
बायबलातल्या योहानाच्या पहिल्या पत्राचा शेवट जरा अचानकच होतो. पाच अध्याय प्रीती, प्रकाश, सत्य, आणि मग एकदम : मुलांनो, मूर्तींपासून दूर राहा. अभ्यासवर्गात हे वाचलं तेव्हा सगळे निर्धास्त दिसले. मूर्ती आपल्याकडे नाहीच, म्हणजे पुढचं पान! इथे 'मूर्ती' हा शब्द कमी पडतो का?

प्रतिसाद १
कमी पडत नाही, पण वेगळीकडे नेतो. आपला 'मूर्ती' 'मूर्त'शी जोडलेला : आकार धरलेलं, घट्ट झालेलं. मूळ ग्रीक शब्द 'एइडोलोन'. होमरच्या काव्यात तो मेलेल्या माणसाच्या छायेलाही वापरलाय. दिसतं, पण हाती काही लागत नाही, असं. म्हणजे आपला शब्द घट्टपणाकडे झुकतो आणि त्यांचा पोकळपणाकडे. जुन्या कराराच्या हिब्रूत 'पेसेल' म्हणजे कोरलेली वस्तू. ती 'मूर्ती'च्या जवळची. पण 'एलीलीम' हा दुसरा शब्द ऐका. 'एलोहीम' म्हणजे देव, त्याच्या नादाशी मिळताजुळता, आणि अर्थ कवडीमोल! हा टोमणा मराठीत कसा आणायचा, मला तरी सुचत नाही.

प्रतिसाद २
शिवाय मराठीत 'मूर्ती'ला वाईट वासच नाही. न्यायमूर्ती, त्यागमूर्ती, मूर्ती लहान पण कीर्ती महान.

प्रतिसाद ३
म्हणूनच मी 'दैवत' सुचवेन. 'पैसा हेच त्याचं दैवत' असं आपण सहज म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला दगड आठवत नाही, माणूस आठवतो. बायबलातली पत्रं लिहिणारा पौलही तेच करतो. कलस्सैकरांस पत्रात (३:५) लोभालाच मूर्तिपूजा म्हणतो, फिलिप्पैकरांस (३:१९) काहींचं दैवत त्यांचं पोट आहे म्हणतो. यहेज्केल संदेष्ट्याने तर त्याच्याही कितीतरी आधी मूर्ती लोकांच्या अंतःकरणात बसलेल्या दाखवल्या होत्या (१४:३). क्रियापद हवं असेल तर 'नादी लागणे'. पूजा करतोय हे माणूस कबूल करणार नाही. नादी लागलोय, हे निदान बायको तरी सांगते.

प्रतिसाद ४
मला दुसऱ्या टोकाचा शब्द जास्त आवडतो : 'जागृत'. मराठीत जागृत असतं ते दैवत. बायबलात येशू शिष्यांना सांगतो, तुम्ही जागृत राहा (मार्क १३). जागं राहायचं काम भक्ताकडे आलं! कारण स्तोत्र १२१ प्रमाणे देव डुलकीसुद्धा घेत नाही. आणि कर्मेल डोंगरावर देवाचा संदेष्टा एलीया बआल ह्या परक्या दैवताच्या संदेष्ट्यांना चिडवतो ते हेच : मोठ्याने हाका मारा, झोपला असेल, उठवावा लागेल.
'सावध'चंही असंच. स + अवधान, म्हणजे लक्ष देऊन. आता त्यात नुसती भीती उरलीय, चोर आला सावध राहा. (चोराचा दाखला येशूनेही दिलाय म्हणा.) 'देवाकडे अवधान' म्हटलं की भीती गळते आणि कान टवकारतात.

प्रश्नकर्ती
ताई, 'अवधान' वहीत घेतला. आता माझंच सांगते. उपासनेत माइक आणि पेटी सांभाळायचं काम माझ्याकडे. परवा प्रार्थना चालू असताना माझे डोळे मिटलेले होते आणि बोटं वायरीवर. खरखर येतेय का, एवढंच ऐकत होते. प्रार्थना कशासाठी झाली, हे मला घरी जाऊन विचारावं लागलं. मग ह्याला मूर्ती म्हणायचं का? सेवाच होती की ती.

प्रतिसाद १
२ राजे १८:४ काढा. मोशेने देवाच्याच सांगण्यावरून पितळी साप केला होता, त्याच्याकडे पाहून लोक वाचले होते. पुढे लोक त्यालाच धूप जाळू लागले. हिज्कीया राजाने तो फोडला. त्याचं नाव पडलं 'नहुश्तान'. ह्या नावात साप आणि पितळ ह्या दोन्ही हिब्रू शब्दांचा नाद आहे. काहीजण अर्थ लावतात, नुसता पितळेचा तुकडा.

प्रतिसाद २
माइक फोडू नका हो. मंडळीच्या पैशाचा असेल.

प्रश्नकर्ती
फोडत नाही. वायर दुसऱ्याच्या हातात दिलीय. पहिल्या रविवारी खरखर आली, आणि मी उठले नाही. पण प्रार्थनेतलं ऐकलं म्हणाल, तर अर्धंच.