बाल न्याय मंडळातला सरकारी वकील नक्की कोणाचा?

तात्या_वऱ्हाडी (धागाकर्ता):
परवा इथे 'रोखठोक' यांनी लिहिलं, "सतरा वर्षांचं कार्टं कोयता घेऊन फिरतं आणि सरकार आपल्या करातून त्याच्यासाठी वकील नेमतं. असल्या वकिलांना रात्री झोप कशी लागते?" खाली टाळ्याच टाळ्या. ते 'असले वकील' म्हणजे आम्ही. विदर्भातल्या एका जिल्हा बाल संरक्षण कक्षात मी विधी तथा परिविक्षा अधिकारी होतो, म्हणून टंकायचा कंटाळा सोडून लिहितोय.

अठराच्या आतल्या आरोपींची प्रकरणं बाल न्याय मंडळ ऐकतं. त्या मंडळासमोर तीन प्रकारचे वकील दिसतात आणि रोखठोक तिघांनाही एकाच दावणीला बांधतात. शासनाची बाजू मांडतो तो सहायक सरकारी अभियोक्ता (एपीपी), गृह खात्याचा. मुलाची बाजू मांडतो तो घरच्यांनी केलेला, नाहीतर विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरचा. तिसरा मी, महिला व बाल विकासचा. मला ना शिक्षा मागायची असते ना सुटका. मुलाला २४ तासांत मंडळापुढे आणलं का, मुलाच्या घरच्या परिस्थितीचा सामाजिक तपासणी अहवाल आला का, जामीन नाकारला असेल तर कारण लेखी आहे का, चार महिन्यांत चौकशी संपते आहे का, हे बघायचं. आणि मुख्य म्हणजे वयाचे कागद गोळा करायचे.

एका पोराचं वय पोलिसांनी १९ लिहिलं होतं. पोरगं थेट कारागृहात. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये १६ निघालं. गुन्हा काय, तर ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या चोरल्या. कागद येईपर्यंत त्याला आत भेटलेली माणसं मात्र बॅटऱ्या चोरणारी नव्हती. पुढच्या वेळी तो कशात सापडला ते लिहीत नाही, ओळख उघड होईल. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे.

या कामाचं मानधन महिना २७,८०४ रुपये, तेही कंत्राटी. झोप लागत नसे ती त्यामुळे.

रोखठोक:
लेख भावुक आहे, अभिनंदन. पण पुण्याचा पोर्शे गाडीचा अपघात सोयीस्कर विसरलात. १९ मे २०२४, कल्याणीनगर, दोन तरुण अभियंते गेले आणि गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला काही तासांत जामीन, वर ३०० शब्दांचा निबंध! बॅटरीवाल्याला कारागृह आणि बिल्डरच्या मुलाला निबंध. तुमची 'प्रक्रिया' ती हीच का?

तात्या_वऱ्हाडी:
निबंधाचा आदेश मंडळाचा, वकिलाचा नव्हे. मंडळाच्या दोन सदस्यांना राज्य सरकारने त्याच वर्षी ऑक्टोबरात घरी पाठवलं. आणि लोक चिडले म्हणून मुलाला पुन्हा निरीक्षणगृहात डांबलं, ते उच्च न्यायालयाने जूनमध्ये बेकायदा ठरवलं. म्हणजे आधी घाईत सोडला आणि मग घाईत धरला. या दोन्ही वेळी "थांबा, कलम काय म्हणतं ते बघू" असं म्हणणारा माणूस कोणाला नको होता. मी त्याच माणसाच्या नोकरीबद्दल लिहितोय. बॅटरीवाल्याचं उदाहरण तर तुम्ही माझ्याच बाजूने दिलंत, आभार.

निशिगंधा:
तात्या, रागावू नका, पण तुमच्या यादीत एक माणूस कुठेच नाही. माझ्या मामेभावावर चार जणांनी वार केले, त्यातले दोघे अठराच्या आतले. भाऊ वाचला, पण आतड्याचा तुकडा काढावा लागला. मोठ्यांची केस कोर्टात, तिथे आम्ही बाकावर तरी बसतो. लहानांची मंडळात, तिथे दार बंद. तारीख कोणी कळवली नाही. पोरगा सुटला हे आम्हाला कळलं कसं, तर तो आमच्या गल्लीत मोटारसायकलवर दिसला. मामी त्या दिवसापासून संध्याकाळी बाहेर पडत नाही. त्या मुलाला तपासणी अहवाल, समुपदेशक, तुमच्यासारखा काळजीवाहू अधिकारी. आमच्या बाजूला कोण?

एपीपी_मराठवाडा:
ताई, तुमच्या बाजूला मी असायला हवा. पण माझ्याकडे दोन न्यायालयांचा चार्ज आहे आणि मंडळ वर टाकलेलं. मंडळ बसतं त्या दिवशी माझे तिकडे साक्षीदार उभे असतात. फाईल मला मंडळाच्या पायऱ्यांवर मिळते. तात्यांना निदान एकच काम तरी होतं.

तात्या_वऱ्हाडी:
एकच काम? बालविवाह, दत्तक, बालकामगारांची सुटका, निवडणूक ड्युटी, सगळं माझ्याच गळ्यात होतं. तुमचा पगार आयोगाप्रमाणे, पेन्शनची सोय. आमचा करार अकरा महिन्यांचा. रडायचंच असेल तर रांगेत उभे राहा.

फौजदार_निवृत्त:
वकीलमंडळी पगारावर आली म्हणजे मुद्दा संपला. मी सांगतो प्रत्यक्ष काय होतं. भाई लोक कोयता पोराच्याच हातात देतात, कारण त्यांनाही कायदा पाठ आहे: विशेषगृहात जास्तीत जास्त तीन वर्षं. मग बाप शाळेचा दाखला घेऊन येतो. त्यावर १ जून! निम्म्या महाराष्ट्राचा जन्म १ जूनचा. गुरुजींनी मनाने टाकलेली तारीख न्यायालयात वेदवाक्य.

शिक्षक_माण:
गुरुजींना मध्ये ओढू नका. सहा पूर्ण दाखवल्याशिवाय पहिलीत नाव पडत नसे, म्हणून जूनची तारीख टाकत. त्याने मूल कागदावर मोठं होतं, लहान नाही. तुमच्या गुंडाला त्याचा तोटाच.

सातारकर:
माझाही १ जून. थोरल्या भावाचाही. आईला विचारलं तर म्हणते, तू पोळ्याच्या आसपासचा. आता पोळा जूनात कधी येतो?

फौजदार_निवृत्त:
शिक्षक महोदय, नोकरीत दोन वर्षं जास्त मिळावीत म्हणून वय कमी सांगणारे बापही मी पाहिलेत. तुमच्याच खात्यात भरपूर आहेत.

शिक्षक_माण:
आणि पोलीस खात्यात सगळे धन्वंतरीच्या साक्षीने जन्मले वाटतं.

कायद्याची_विद्यार्थिनी:
कलम ९४ चा क्रम असा: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका-पंचायतीचा जन्मदाखला, तोही नसेल तरच हाडांची चाचणी. पण पी. युवाप्रकाश निकालात (२०२३) सर्वोच्च न्यायालयाने शाळा सोडल्याचा दाखला या क्रमात बसत नाही असं म्हटलंय. तेव्हा 'वेदवाक्य' हे जरा जास्त झालं, काका.

सातारकर:
पण आताची पोरं दवाखान्यात जन्मतात. १ जून ही आपल्या पिढीची भानगड.

तात्या_वऱ्हाडी:
दवाखान्यात जन्मतात ती तुमची-माझी. ऊसतोडीच्या फडावर जन्मलेलं, पालावर जन्मलेलं पोर घ्या. जन्मदाखला नाही, शाळा दोन वर्षांत सुटली, आधारवर अंदाजे तारीख. मग हाडांची चाचणी, आणि तिच्यात दीड-दोन वर्षांचा फरक पडू शकतो. सतरा की एकोणीस, हे अशा पोराच्या बाबतीत कोणी एक्स-रे बघून सांगत असतं.

निशिगंधा:
वा. इथे माझ्या भावाचं आतडं गेलं आणि तुमचे वाढदिवस चाललेत. चालू द्या.

फौजदार_निवृत्त:
ताईंचं बरोबर आहे. मूळ मुद्दा: टोळीतल्या पोराला जामीन का?

तात्या_वऱ्हाडी:
नाकारता येतो की! कलम १२ मध्येच लिहिलंय, सुटल्यावर ज्ञात गुन्हेगारांच्या संगतीत जाण्याची शक्यता असेल तर जामीन नाही. पण त्यासाठी तपास अधिकाऱ्याने कागदावर आणायला हवं की कोणता भाई, कधीपासून, कोणाच्या गाडीवर. माझ्यासमोर यायचा तो छापील मजकूर, फक्त नाव बदललेला. तुमच्या काळातही तोच होता, काका. आणि खुनासारखा किमान सात वर्षं शिक्षेचा गुन्हा असेल आणि पोरगा सोळाच्या पुढचा, तर कलम १५ चं मूल्यांकन होऊन प्रकरण मंडळाकडून बाल न्यायालयात जाऊ शकतं, तिथे मोठ्यांसारखा खटला चालू शकतो. 'तीन वर्षं आणि मोकळा' हे नेहमीच खरं नाही.

फौजदार_निवृत्त:
छापील असायचा, कारण एका हवालदाराकडे चाळीस कागद असायचे. बाकी तुमचं कलम १२ चं म्हणणं मान्य. नाइलाजाने.

तात्या_वऱ्हाडी:
निशिगंधाताई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. माझ्या कामाच्या यादीत जखमी माणूस नव्हता, हे खरं. तारीख आणि सुटका कळवायला कोणीतरी फोन उचलायला हवा होता.

एपीपी_मराठवाडा:
तो 'कोणीतरी' मीच, माहीत आहे. ताई, मंडळाच्या कार्यालयात अर्ज द्या, प्रत अभियोक्त्याला द्या आणि पोच घ्या. पुढची तारीख तरी चुकणार नाही. हक्क म्हणून नाही सांगत, चालतं म्हणून सांगतोय.

रोखठोक:
म्हणजे वकील निर्दोष, मंडळ निर्दोष, पोलीस कामात बुडालेले, आणि दोषी फक्त १ जून. ठीक, 'असले वकील' हे शब्द मागे घेतो. २७ हजारांत काम करणाऱ्याला शिव्या देणं बरं दिसत नाही. कायद्याबद्दलचं मत तेच आहे, नवा धागा काढतो.

निशिगंधा:
अर्ज कोणत्या नावाने करायचा? प्रधान दंडाधिकारी की मंडळ?

एपीपी_मराठवाडा:
प्रधान दंडाधिकारी, बाल न्याय मंडळ, खाली जिल्हा. गुन्हा रजिस्टर क्रमांक आणि पोलीस ठाणं टाका. मुलाचं नाव माहीत असलं तरी इथे लिहू नका.