संकर फक्त माणूसच करतो का?

केळीवाली, रावेर: मुलांच्या विज्ञान अंकासाठी केनियातल्या अंबोसेलीच्या बबून माकडांवर लेख लिहितेय. तिथे पिवळे बबून आणि ऑलिव्ह बबून यांची एकमेकांत पिल्लं होतात, आणि डीएनए पाहिला तर दिसायला अगदी पिवळ्या वाटणाऱ्यांतही ऑलिव्हचा अंश सापडतो. मी "नैसर्गिक संकर" लिहिलं. तपासणाऱ्या सरांनी खोडलं, म्हणे संकर माणूस करतो शेतात, जंगलात होतं ते मिश्रण. मला नाही पटत. कळण्याच्या पिठात ज्वारी-उडीद मिसळतो ते मिश्रण, त्यातून तिसरा दाणा जन्मत नाही.

तापीकाठ: ताई, सरांच्या डोक्यात शेत का आलं ते कळतं. १९६४ ला सीएसएच-१ ज्वारी आली, १९७० ला एच-४ कापूस, तेव्हापासून गावात हायब्रीड म्हणजे बियाणंच. आजी म्हणायची, "हायब्रीडनी भाकर गोड लागस नही."

व्युत्पत्तीवेडा: संकर हा संस्कृत सम् + कॄ या धातूपासून, म्हणजे एकत्र ओतणं, विखुरणं. ओतणारा माणूसच हवा असं धातूत कुठेय? पण गीतेच्या पहिल्या अध्यायातल्या "संकरो नरकायैव" (संकर नरकालाच नेतो) मुळे शब्दाला वर्णसंकराचा वास चिकटला, म्हणून मुलांसाठी मी "मिश्रवंश" लिहीन.

तापीकाठ: मी उलट म्हणतो दादा. आफ्रिकेबाहेरच्या माणसांत साधारण २ टक्के डीएनए निअँडरथल या नामशेष झालेल्या मानवाचा आहे, म्हणजे तुमच्या-माझ्यातही. मुलांना संकर हा शब्द इथेच भेटू द्या, तरच तो वास जाईल.

सातपुड्याची: शीर्षकात "वानर" लिहिलं असेल तर ते आधी काढ गं. वानर म्हणजे आपलं काळतोंडं लंगूर, चिंपांझी-गोरिला ते कपी, बबून माकडातच येतो.

चाळीसगावकर: आमच्याकडे सगळी वांदरंच. पुस्तकी भेद बोलीवर लादू नका.

सातपुड्याची: भाऊ लादत नाही, पण लालतोंड्यातही दोन आहेत की. आखूड शेपटीचं ऱ्हीसस उत्तरेचं, लांब शेपटीचं टोपी माकड दक्षिणेचं, आणि पुस्तकात पश्चिम भागात दोघांमधली हद्द म्हणजे आपली तापीच! आता ऱ्हीसस ती ओलांडून खाली सरकतंय, कुठे कुठे दोघांच्या मिश्र टोळ्या दिसल्यात. तुमच्याकडे कुठलं येतं?

केळीवाली, रावेर: बागेत येतं ते काळतोंडंच. पण सरांना काय सांगू? अंक शुक्रवारी छापायला जातोय.

चाळीसगावकर: आमच्या मळ्यातल्याची शेपूट लांब आहे, टोपीसारखे केसही आहेत. उद्या फोटो काढतो.