पेलेट ग्रिलमधली राख किती दिवसांनी काढायची?

राजारामपुरी_खवय्या
८ किलोच्या हॉपरचं (पेलेट भरायच्या डब्याचं) पेलेट ग्रिल आहे, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या कांड्या जाळणारं, विजेवर चालणारं. आठवड्यातून एकदा चिकन, महिन्यातून दोनदा मटणाची अख्खी रान (तंगडी), म्हणजे ६-७ तास मंद आच. हल्ली ११० अंशांवर लावलं की कधी ९०, कधी १४०. सुरू करताना पांढरा धूर बराच वेळ येतो आणि मटणावर राखेचे बारीक कण बसतात. पुस्तिकेत नुसतं 'नियमित साफ करा' लिहिलंय. नियमित म्हणजे किती? दर वेळी सगळं उघडायचं का?

मंद_आच
दिवस मोजू नका, किलो मोजा. चांगल्या लाकडाच्या पेलेटमध्ये राख साधारण अर्धा ते एक टक्का, म्हणजे २० किलोच्या पोत्यामागे १०० ते २०० ग्रॅम. वजन किरकोळ वाटतं, पण राख फार हलकी असते आणि फायरपॉट, म्हणजे पेलेट जळतात ते भांडं, असतं जेमतेम फुलपात्राएवढं. मंद आचेला तासाला अर्धा ते एक किलो पेलेट जळतात. तेव्हा दर १५-२० किलोला सफाई, आणि रानीसारखं लांबलचक काम असेल तर त्याच्या आधी हमखास. दर वेळी सगळं उघडायची गरज नाही. पण पेटवण्याआधी फायरपॉटमध्ये एकदा डोकवायचंच.

तुमचं ९०-१४० कशामुळे होतंय ते बघा. पंख्याची हवा फायरपॉटच्या भोकांतून आत येते. तळाची भोकं राखेनं बुजली की जाळ मंदावतो, तापमान पडतं. कंट्रोलरला वाटतं पेलेट कमी पडले, तो पेलेट आत ढकलणारा स्क्रू जास्त फिरवतो. ढीग साचतो आणि मग एकदम पेट घेतो. इग्नायटरची (पेलेट पेटवणारी) कांडी राखेत बुडाली तर पेटायलाही उशीर, म्हणून तो पांढरा धूर. आणि तळाला पडलेली राख पंखा उडवतो, तीच मटणावर बसते.

सफाई अशी: आदल्या दिवशी ग्रिल 'शटडाउन'वर विझवलेलं असावं. प्लग काढा. जाळ्या, तेलकट ट्रे आणि त्याखालचा पत्रा क्रमानं बाहेर. आधी फायरपॉट रिकामा करा, मग तळ. कांडीवर जोर देऊ नका, वाकते. बुजलेली भोकं खिळ्यानं मोकळी करा. आत तापमानाचा सेन्सर, म्हणजे बारीक दांडी असते. तिच्यावरची काजळी ओल्या फडक्यानं पुसा, नाहीतर ती चुकीचा आकडा दाखवते. राख काढायला घरातला व्हॅक्यूम वापरू नका. वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारा २४ तासांनंतरही जिवंत असू शकतो आणि आतली पिशवी पेटते.

ट्रेवरची चरबी हा वेगळा विषय. मटण झालं की ती त्याच आठवड्यात खरवडायची. राखेमुळे जाळ बिघडतो, चरबीमुळे आग लागते.

राजारामपुरी_खवय्या
धन्यवाद, उद्याच उघडतो. बगॅसचे, म्हणजे उसाच्या चिपाडाचे पेलेट इथं स्वस्त मिळतात. ते चालतील का?

चिपाड_ते_निखारा
ग्रिलमध्ये नको. बगॅसच्या राखेत सिलिका आणि पोटॅश असतं. जास्त उष्णतेला ती वितळून खड्यासारखी घट्ट होते. कारखान्यातले बॉयलरवाले तिला क्लिंकर म्हणतात. हा खडा फायरपॉटच्या भोकांवरच बसतो आणि ब्रशनं निघत नाही. राखही लाकडाच्या कितीतरी पट. भाताच्या तुसाचे पेलेट तर त्याहून वाईट, १५ ते २० टक्के राख. शिवाय बॉयलरसाठीच्या पेलेटमध्ये प्लायवूडचा भुसा मिसळलेला असू शकतो. त्यातल्या डिंकाचा धूर अन्नाला लागू देऊ नये. स्वयंपाकासाठीचे, निव्वळ लाकडाचे म्हणून विकलेलेच घ्या.

पावसाळी_भट्टी
कोल्हापूरच्या पावसाळ्याचं कोणी बोललं नाही. जून ते सप्टेंबर हॉपरमध्ये पेलेट ठेवूच नका. ओलावा धरला की फुगून भुसा होतो, स्क्रू अडकतो. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. हातानं मोडल्यावर कट् आवाज आला पाहिजे, चुरा झाला तर टाकून द्या. राखही आत राहू देऊ नका. ओली राख क्षारयुक्त असते, पत्रा खाते.

मधेच वीज गेली तर पंखा थांबतो आणि धग स्क्रूवाटे हॉपरकडे सरकू शकते. मोठ्या कामाला यूपीएस लावा. जाळ मध्येच विझला असेल तर लगेच पुन्हा चालू करू नका. पूर्ण गार झाल्यावर फायरपॉटमधले न जळलेले पेलेट काढा आणि मगच पेटवा. ढिगावर पेटवलं तर झाकण उघडताना भडका तोंडावर येतो.

काढलेली राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत, फरशीवर, भिंतीपासून लांब, किमान तीन-चार दिवस. नंतर बागेत टाकायची असेल तर चरबी न लागलेलीच. गगनबावडा-राधानगरीकडच्या तांबड्या, आम्ल मातीला मूठभर चालते. काळ्या मातीला नको, ती आधीच क्षाराकडे झुकलेली असते.