मदत हवी आहे: मेनसेल (मुख्य शीड) शेवटचं हातभर अंतर चढतच नाही

मंडळी, जुनी घेतलेली २८ फुटी होडी आहे. मेनसेल डोलकाठीच्या मागच्या खाचेतून प्लास्टिकच्या स्लाइड्सवर चढतं. हॅलियर्ड, म्हणजे शीड वर ओढायचा दोर, काठीच्या पायाशी कप्पीतून वळून डेकवरून कॉकपिटमध्ये येतो आणि क्लचमधून (दोर पकडून ठेवणारी खटकी) विंचवर (दोर ओढायचं हातानं फिरवायचं यंत्र) जातो.

निम्मं शीड हातानेच सरसर चढतं. पुढे जड होत जातं, आणि वरचं हातभर उरलं की विंचलाही दाद देत नाही. त्यामुळे पुढच्या कडेवर प्रत्येक स्लाइडपाशी आडव्या सुरकुत्या पडतात, शीड पोटात फुगतं आणि वाऱ्याला जवळून जाताच येत नाही.

नाळ (होडीचं पुढचं टोक) वाऱ्यावर धरतो, बूम (शिडाखालचा आडवा दांडा) खाली धरणारे मेनशीट आणि किकर सैल असतात, रीफच्या (शीड लहान करायच्या) दोऱ्या मोकळ्या असतात. खाचेत सिलिकॉनचा कोरडा स्प्रेही मारला; खालचा भाग आणखी हलका झाला, वरचा जैसे थे. विंच रेटायची हिंमत होत नाही, काहीतरी फाटायचं. काठीवर चढण्याआधी खालूनच काय तपासता येईल?

प्रतिसाद:
रेटू नका हे बरोबर. आधी शीड आणि हॅलियर्ड यांचं भांडण वेगळं करा. शॅकल (हॅलियर्डच्या टोकाची कडी) शिडातून काढा, त्याला लांब मजबूत दोरी बांधा आणि कुणाला तरी ती खालून ताणून धरायला सांगून शॅकल वरपर्यंत न्या. तरीही जड गेलं तर शीड निर्दोष. गाठ मात्र दोनदा तपासा, सुटली तर शॅकल वर आणि तुम्ही खाली! दुर्बिणीतून हॅलियर्ड टॉपिंग लिफ्टला (बूमचं टोक वरून धरणारा दोर) पीळ घालून बसलाय का, तेही बघा.

प्रतिसाद:
टॉपिंग लिफ्टचा उल्लेख नाही तुमच्या यादीत. बूम खाली लोंबत असेल तर मागची कड ताणली गेली की तुम्ही शिडाबरोबर बूमही उचलत असता. शेवटीच जड होण्याचं हे नेहमीचं कारण.

प्रश्नकर्ता:
बूमला खालून आधार देणारा ताठ किकर आहे, त्यामुळे ते नसावं. दोरीची चाचणी केली. कॉकपिटमधून ओढलं तर जड, पण काठीशी उभं राहून तोच दोर सरळ खाली ओढला तर अगदी हलका! म्हणून पायाची कप्पी उघडली. चाकाच्या दोन्ही बाजूंना दोराने घासून चकचकीत पट्टे पाडलेत. कप्पीवर १० मिमी कोरलंय आणि दोर मोजला तर १२. आधीच्या मालकाने जाड दोर घातला असणार. पण मग सुरुवातीला सहज कसं चढतं?

प्रतिसाद:
कारण तेव्हा दोरावर भारच नसतो. शीड जितकं वर, तितकं वजन जास्त, दोर चाकात तितका रुतून बसतो आणि घर्षण वाढतं. कप्पी मोठी करण्यापेक्षा १० मिमीचा, कमी ताणला जाणारा दोर घ्या. २८ फुटीला भरपूर झाला. फक्त तुमचा क्लच १० मिमी घट्ट पकडतो ना, ते आधी बघा. नवा दोर जुन्याच्या टोकाला टोक भिडवून सुईदोऱ्याने शिवा आणि जुन्याबरोबर काठीतून ओढून घ्या. गाठ मारलीत तर वरच्या चाकात अडकेल.

प्रश्नकर्ता:
क्लचवर ८ ते १२ लिहिलंय. दोर मागवतो.