एचडी रेडी टीव्ही १३६६ बाय ७६८ चा आहे, सेट टॉप बॉक्स ७२०पी ठेवू की १०८०आय?

हळदीचा_वास
नमस्कार मंडळी. गावी सांगलीजवळ आईबाबांकडे ३२ इंची एलईडी टीव्ही आहे, सहा-सात वर्षं जुना, पुस्तिकेत रिझोल्यूशन १३६६ बाय ७६८ लिहिलंय. गेल्या महिन्यात केबलवाल्याकडून एचडी बॉक्स घेतला, त्याचा माणूस येऊन जोडून गेला, पण चित्र जुन्या बॉक्ससारखंच धुरकट. मी पुण्याला असते, या शनिवारी घरी आले तेव्हा मेनूत शिरून पाहिलं तर व्हिडिओ आउटपुटमध्ये ५७६आय, ५७६पी, ७२०पी, १०८०आय, १०८०पी एवढे पर्याय, ७६८ कुठंच नाही. एकेक करून सगळे लावून पाहिले, कशानंच तसूभर फरक पडला नाही. दुसरं म्हणजे बातम्यांच्या चॅनलवर खालची पट्टी अर्धी कापली जाते, आणि बाबा बातम्या ऐकत नाहीत, ती पट्टीच वाचतात, त्यामुळे घरात रोज चिडचिड. नक्की काय सेट करू?

बार्शीलाइट
ताई १०८०पी लावून मोकळ्या व्हा, मोठा आकडा तो चांगला, बाकी डोकं लावू नका.

तारेवरची_कसरत
बार्शीलाइट भाऊ, तसं नसतं हो.
७६८ शोधत बसू नका ताई, कुठल्याच बॉक्समध्ये मिळणार नाही कारण त्या मापात कोणी प्रसारणच करत नाही. ७६८ ओळी हा कॉम्प्युटर मॉनिटरच्या १०२४ बाय ७६८ च्या काळातला आकडा, तीच उंची ठेवून पॅनल १६:९ ला रुंद केला की १३६६ होतात, आणि ३२ इंची एचडी रेडी टीव्हीत बहुतेक हाच पॅनल असतो. म्हणजे काहीही पाठवा, टीव्हीला ताणून नाहीतर आक्रसून बसवावंच लागतं. प्रश्न एवढाच की हे काम किती वेळा होतं आणि कोण करतं.

आपल्याकडची एचडी चॅनल्स साधारण १०८०आय ५० मध्ये येतात. आय म्हणजे इंटरलेस्ड, एकदा विषम ओळी आणि एकदा सम, दर वेळी ५४०, असं सेकंदाला ५० वेळा. पी म्हणजे प्रोग्रेसिव्ह, सगळ्या ओळी दर वेळी एकदमच. बॉक्स ७२०पी वर ठेवलात तर बॉक्स आधी त्या ओळी जुळवतो, मग १०८० च्या ७२० करतो, आणि टीव्ही त्या ७२० पुन्हा ताणून ७६८ करतो. आधी धुतलेला शर्ट आटवायचा आणि मग ओढून अंगात घालायचा, तसलं काम. १०८०आय ठेवलात तर बॉक्स आलं तसं पुढे ढकलतो, टीव्ही ओळी जुळवतो आणि एकदाच लहान करतो. त्यामुळे कागदावर १०८०आय बरं. पण काही स्वस्त टीव्ही ओळी जुळवण्यात कच्चे असतात, क्रिकेटमध्ये बॅट फिरली की कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात. तसं दिसलं तर १०८०पी लावून बघा, म्हणजे जुळवणी बॉक्सवर जाते, आणि तरी नाही पटलं तर ७२०पी. माझ्या स्वतःच्या जुन्या टीव्हीवर ७२०पीच जास्त स्थिर दिसायचं, सांगायला लाज कशाला.

पण तुमचं दुखणं हे नव्हेच. "सगळे पर्याय लावले, तसूभर फरक नाही" असं तुम्हीच लिहिलंय. ५७६आय आणि १०८०पी मध्ये फरक दिसणार नाही असं होऊच शकत नाही. बॉक्सच्या मागे बघा, पिवळी-पांढरी-लाल तीन पिनांची वायर आहे का? टीव्हीवर सोर्स एव्ही आहे की एचडीएमआय?

हळदीचा_वास
मी परत पुण्याला आलेय, म्हणून बाबांना व्हिडिओ कॉल करून मोबाइल टीव्हीमागे धरायला लावला. आधी दहा मिनिटं भिंत आणि पाल दाखवली. मग दिसलं, पिवळी-पांढरी-लालच आहे 🙏 एचडीएमआयचं भोक रिकामं आणि त्यावर कोळ्याचं जाळं. म्हणजे महिनाभर एचडीचे पैसे कशाचे भरले?

तारेवरची_कसरत
पिवळ्या पिनेतून ५७६आय च्या वर काही जातच नाही, बॉक्समध्ये काहीही सेट करा, ते सगळं एचडीएमआयच्या बाजूला लागू होतं. जुन्या बॉक्सची वायर तशीच काढून नव्याला खोचली असणार, हे फार ठिकाणी बघितलंय. साधी एचडीएमआय केबल चालेल, १०८० साठी सोन्याचा मुलामा वगैरे काही लागत नाही, दुकानदार गळ्यात मारेल, घेऊ नका.

पट्टी कापली जाते ते ओव्हरस्कॅन. डब्बा टीव्हीच्या काळात चित्राच्या कडा वेड्यावाकड्या असायच्या म्हणून थोडं मोठं करून कडा लपवायचे, ती खोड एलईडीतही राहिली. टीव्हीच्या पिक्चर साइजमध्ये जा, एलजी असेल तर जस्ट स्कॅन, सॅमसंगला स्क्रीन फिट, सोनीत फुल पिक्सेल. यातलं बरंच काही एव्हीवर दिसतच नाही, एचडीएमआय लावलं की उघडतं. आणि शार्पनेस खाली आणा, कंपनीतून येतानाच तो चढवलेला असतो, अक्षरांना पांढरी किनार येते ती त्यामुळेच.

एडिसनची_मावशी
इकडे न्यू जर्सीत याच्या उलटी गंमत आहे. एबीसी, फॉक्स, ईएसपीएन ७२०पी मध्ये, एनबीसी आणि सीबीएस १०८०आय मध्ये, त्यामुळे बॉक्सला एकच आकडा दिला की निम्मी चॅनल्स बदलून येतात. आमच्या बॉक्समध्ये नेटिव्ह म्हणून पर्याय होता, जे चॅनल जसं येईल तसं पाठवायचं आणि पुढचं टीव्हीनं बघून घ्यायचं. चित्र छान, पण दर चॅनल बदलताना स्क्रीन दोन सेकंद काळी, सासूबाई म्हणायच्या बिघडला वाटतं. शेवटी १०८०आय करून ठेवलं. तुमच्या मेनूत ऑटो किंवा नेटिव्ह असं काही असलं तरी आईबाबांसाठी मी लावणार नाही.

बार्शीलाइट
बरं आता माझंही सांगा. माझा फोर-के टीव्ही, ३८४० बाय २१६०, अँड्रॉइडवाला सेट टॉप बॉक्स, २१६०पी ६० वर ठेवलाय, चित्र कडक, पण बातम्यांची पट्टी सरकताना गचके खाते. मोठा आकडा लावूनसुद्धा 😅

तारेवरची_कसरत
भाऊ, तुमचा घोळ ६० मध्ये आहे. आपलं प्रसारण सेकंदाला ५० चं, त्याचे ६० करायला बॉक्स दर पाच फ्रेममागे एक फ्रेम दोनदा दाखवतो, म्हणजे सेकंदाला दहा गचके. एरवी कळत नाही, पण पट्टी एकसारखी सरकते ना, तिथं लगेच कळतं. २१६०पी ५० करा. मोबाइल-लॅपटॉपच्या सवयीनं हे बॉक्स बऱ्याचदा ६० वरच येतात. आणि २१६० म्हणजे १०८० ची बरोबर दुप्पट, तुमच्याकडे भाग पूर्ण जातो, ताईंसारखी ७६८ ची कटकट नाही, त्यामुळे १०८० वर ठेवलं तरी फार बिघडणार नाही.

बार्शीलाइट
५० केलं. गचके गेले. आधीचा सल्ला मागे घेतो.

हळदीचा_वास
अपडेट. काल घरी जाऊन केबल लावली, १०८०आय, पिक्चर साइज बदलला, पट्टी पूर्ण दिसतेय, बॅटलाही दाते नाहीत. पण बाबांचं नेहमीचं चॅनल अजून धुरकट. बघते तर ते अजून साध्याच नंबरवर, एचडीचा नंबर वेगळा आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं. आता बाबा म्हणतात, मला माझे नंबर पाठ आहेत, मी नवीन पाठ करणार नाही.

एडिसनची_मावशी
फेव्हरिटमध्ये टाकून द्या, एका बटणावर येईल.

हळदीचा_वास
टाकलं मावशी. आत्ताच आईचा फोन आला, जुनाच नंबर दाबून बसलेत.