शेवटपर्यंत लाजाळूच राहणारी नायिका, जुन्या उमरावी प्रेमकथा: पुस्तकं सुचवा

रानजाई

नमस्कार मंडळी,

माझी भाची यंदा अकरावीला आहे. इंग्रजी ऐतिहासिक रोमान्स अधाशासारखे वाचते. ड्यूक, अर्ल, लंडनचा सीझन, बग्ग्या, झुंबरं, सगळं तिला तोंडपाठ. स्वतः मात्र फार अबोल आहे. चारचौघांत कुणी नाव घेऊन काही विचारलं तरी तिची कानशिलं लाल होतात. परवा मला म्हणाली, "मावशी, या पुस्तकांत लाजाळू मुलगी सुरुवातीपुरतीच लाजाळू असते. मग कुणीतरी तिला नवा गाऊन शिवून देतं, केस बदलतं, आणि ती भर सभेत फटाफट उत्तरं द्यायला लागते. प्रेम बसतं ते त्या नंतरच्या मुलीवर. आधीच्या मुलीवर कुणाचंच बसत नाही."

मला ते फार लागलं. तेव्हापासून असं पुस्तक शोधतेय ज्यात मुलगी बुजरीच राहते आणि समोरच्यालाच तिच्याकडे नीट बघायला शिकावं लागतं. काळ जॉर्जियन किंवा रीजन्सी (म्हणजे साधारण अठरावं शतक ते एकोणिसाव्याची सुरुवात), घराणी खानदानी, प्रियाराधन सावकाश. उघडे शृंगारप्रसंग नकोत. इंग्रजी थोडं जुनं असलं तरी चालेल, पोरगी चिकाटीची आहे. दिवाळीच्या सुट्टीत द्यायचा विचार आहे.

कोरीपाटी

डोळे मिटून सांगते, फॅनी बर्नीची 'एव्हेलिना'. १७७८ सालची, म्हणजे रीजन्सीच्या बरीच आधीची. पण पुढे या प्रकारच्या कथांत जे जे आलं त्यातलं पुष्कळसं इथे आधीच आहे.

खेड्यात एका पाद्र्याने वाढवलेली सतरा वर्षांची मुलगी पहिल्यांदाच लंडनला येते. पहिल्याच बॉलमध्ये एक नटवा गृहस्थ तिला नाचायला विचारतो. त्याचा आव बघून तिला हसू आवरत नाही आणि ती नाही म्हणते. थोड्या वेळाने लॉर्ड ऑरव्हिल विचारतो, त्याला मात्र हो म्हणते. एकाला नकार दिला की त्या संध्याकाळी कुणाबरोबरच नाचायचं नाही, हा रिवाज तिला कुणी सांगितलेलाच नसतो! तो नटवा येऊन जाब विचारतो आणि हिला धरणी दुभंगावी असं होतं. ऑरव्हिल बिचारा नाटकांचा विषय काढतो, शहराचा काढतो, खेड्याचा काढतो, हिच्या तोंडून हो-नाहीपलीकडे काही निघत नाही. नंतर तिच्या मैत्रिणीच्या कानावर पडतं की ऑरव्हिल तिला 'बिचारी दुबळी मुलगी' म्हणाला. तिथून पुढे तिची खरी पारख व्हायला त्याला अख्खी कादंबरी लागते.

सगळं पत्रांतून सांगितलंय, आणि तुमच्या भाचीसाठी मी हेच पुस्तक सुचवण्याचं कारणही तेच आहे. बॉलमध्ये जिच्या तोंडून शब्द फुटत नाही तीच मुलगी रात्री कागदावर किती बारकाईने, किती मिश्कील लिहिते! लोकांना मुकी वाटणारी मुलगी आत काय काय टिपत असते ते वाचणाऱ्याला पहिल्या पत्रापासून कळतं. ऑरव्हिलला ते हळूहळू कळतं.

बर्नी स्वतः अतिशय बुजरी होती. पुस्तक निनावी छापलं. वडिलांच्या लेखनाच्या नकला तीच करून द्यायची, त्यामुळे छपाईवाले आपलं अक्षर ओळखतील या धास्तीने हस्तलिखित अक्षर बदलून काढलं. वडिलांना कळलं तेव्हा पुस्तक छापून झालं होतं.

मध्ये एक कॅप्टन आहे, तो एव्हेलिनाच्या आजीची फार दांडगाईने खोड काढतो. ते प्रसंग लांबलेत. भाचीला ती पानं उलटू देत.

माजघर

माझं मत जेन ऑस्टिनच्या 'मॅन्सफिल्ड पार्क'ला. १८१४. ऑस्टिनच्या नायिकांत खरोखर लाजाळू अशी फॅनी प्राइसच, आणि म्हणूनच बहुधा सगळ्यांत कमी लाडकी.

दहा वर्षांची असताना पोर्ट्समथच्या गरीब, गजबजलेल्या घरातून ती नॉर्दॅम्प्टनशरला मावशीच्या यजमानांकडे, सर थॉमस बर्ट्रमकडे येते. ना घरातली ना परकी. हेन्री क्रॉफर्ड हा देखणा, पैसेवाला तरुण आधी निव्वळ करमणूक म्हणून तिला प्रेमात पाडायचं ठरवतो आणि मग स्वतःच गुंततो. पुढे जे चालतं ते रीतसर, देखणं, सगळ्यांना पसंत असलेलं प्रियाराधन आहे. आपल्या ॲडमिरल चुलत्याच्या वशिल्याने तो फॅनीच्या लाडक्या भावाला, विल्यमला, नौदलात लेफ्टनंट करून घेतो. ती बातमी सांगायला येतो आणि त्याच दमात मागणी घालतो. उपकार आणि मागणी एकदम! बुजऱ्या मुलीने काय करावं? ती नाही म्हणते.

पुढचा प्रसंग भाचीबरोबर बसून वाचा. सर थॉमस तिच्या खोलीत समजूत घालायला येतात. बाहेर बर्फ पडलेलं, फॅनी शाल गुंडाळून बसलेली, शेगडी विझलेली. ते विचारतात, आज विस्तव का नाही? विस्तव कधीच नसतो. दुसऱ्या मावशीने, मिसेस नॉरिसने, सुरुवातीपासूनच तशी अट घातलेली आहे. इतकी वर्षं त्याच घरात राहून त्यांना ते ठाऊकच नसतं. मग स्थळाचा विषय निघतो. मुलगा चांगला, घराणं चांगलं, उत्पन्न चांगलं, मग नकाराचं कारण काय? कांदेपोह्यांच्या बैठकीत वाढलेल्या आपल्याला हा संवाद समजावून सांगावा लागत नाही. हेन्रीने आधी त्यांच्याच मुलींशी प्रेमाचा खेळ मांडला होता. ते खरं कारण सांगायचं तर मुलींची वागणूक उघडी पडेल, म्हणून ती गप्प राहते. ते तिला हट्टी म्हणतात, कृतघ्न म्हणतात. ती रडते, पण हो म्हणत नाही. नंतर बागेतून फिरून येते तर खोलीत विस्तव पेटलेला. सर थॉमसनीच सांगून ठेवलेला. रागावलेला माणूस, आणि त्याच दिवशी त्यानेच पाठवलेली ती ऊब. तिला आता आणखीच अवघड होतं.

ही मुलगी कधीच फटाफट बोलायला लागत नाही. आवाज चढवत नाही, गाऊन बदलून कुणी वेगळी होत नाही. पण त्या घरात सर थॉमसपुढे ठाम उभी राहते ती एकटीच. लाजाळूपणा आणि कच्चेपणा यांची जी सर्रास गल्लत होते, तिच्यावर याहून चांगलं उत्तर मला तरी माहीत नाही.

उत्तरवारा

माजघर, तुमचा विस्तवाचा प्रसंग एकदम मान्य. पण सोळा वर्षांच्या मुलीला प्रियाराधन हवंय, आणि इथे जे मनासारखं जमतं ते शेवटच्या प्रकरणात घाईने उरकलंय. फॅनी जिच्यावर मनापासून प्रेम करते त्या एडमंडचं, म्हणजे सर थॉमसच्या धाकट्या मुलाचं, मन किती दिवसांत फिरलं ते वाचकांनीच ठरवावं असं लेखिका सरळ सांगून मोकळी होते. मी वाचलं तेव्हा फार हिरमुसले होते.

त्यापेक्षा 'पर्सुएशन' द्या. १८१७ च्या अखेरीस, ऑस्टिन गेल्यावर प्रसिद्ध झालेली. ॲन इलियट ही बॅरोनेटची मुलगी, सत्तावीस वर्षांची. घरात तिच्या शब्दाला किंमत नाही. आठ वर्षांपूर्वी मोडलेलं लग्न आणि तोच माणूस आता नौदलातला कॅप्टन होऊन समोर. ती लाजाळूपेक्षा अबोल जास्त आहे, पण एकमेकांशी न बोलता खोलीभर जाणवत राहणारं प्रेम याहून चांगलं मी वाचलेलं नाही. लांबच लांब चालून ती दमलीय हे तो लांबूनच ओळखतो, बहिणीच्या बग्गीत तिला जागा करवतो आणि हात देऊन चढवतो. एक शब्द नाही. ॲनला मात्र त्यातून पुरतं कळतं. शेवटी पत्र येतं, ते मी इथे सांगणार नाही.

रानजाई

किती छान लिहिताय सगळे! दोन शंका. एकाला नकार दिला की रात्रभर बसून राहायचं, हा नियम खरंच होता का? आणि भाची विचारते की मुलीला "नाही" म्हणायचा हक्क कितपत होता? तिच्या पुस्तकांत बाप सरळ लग्न ठरवून टाकतात.

जुनेदफ्तर

नियम खरा. नाकारलेल्या माणसाचा अपमान होऊ नये म्हणून मुलीने मग बसूनच राहायचं. ओळख करून दिल्याशिवाय पुरुषाने विचारायचं नाही आणि एकाच जोडीदाराबरोबर वारंवार नाचायचं नाही, नाहीतर लोक लग्नच जमलं असं धरून चालत. लाजाळू मुलीला या नियमांचा जाच होता तसा आधारही होता. काय बोलायचं ते सुचलं नाही तरी पावलं ठरलेली, वेळ ठरलेली, सोबतीला आई किंवा मावशी बसलेली. खरी भीती नजरांची. लंडनच्या किंग स्ट्रीटवरच्या 'ऑलमॅक्स'मध्ये बुधवारी बॉल व्हायचे आणि प्रवेशपत्र कुणाला द्यायचं ते उमराव घराण्यांतल्या मोजक्या स्त्रिया ठरवायच्या. तिथे गेलेली मुलगी दारातून शिरल्यापासून तोलली जायची.

हक्काचं म्हणाल तर १७५३ च्या हार्डविक कायद्यानंतर इंग्लंडात एकवीस वर्षांखालच्या मुलीला परवाना घेऊन (म्हणजे चर्चमध्ये आधी जाहीर पुकारा न करता) लग्न करायचं तर वडिलांची किंवा पालकाची संमती लागे. स्कॉटलंडला तो कायदा लागू नव्हता, म्हणून कादंबऱ्यांतली जोडपी सीमा ओलांडून ग्रेटना ग्रीनला पळतात. पण चर्चमध्ये वधूने स्वतःच्या तोंडाने हो म्हटल्याशिवाय लग्न लागत नसे. दडपण भरपूर, तरी शेवटचा शब्द तिचा. आणि तो शब्द केवढा मोलाचा! लग्नानंतर तिचा पैसाअडका नवऱ्याचा होई. ही स्थिती बदलायला १८७० आणि १८८२ चे कायदे यावे लागले. म्हणून खानदानी घरांत लग्नाआधी वकिलांकडून करार होत: वर्षाचा हातखर्च किती, वैधव्य आलं तर काय मिळणार.

पत्रांकडेही भाचीला लक्ष द्यायला सांगा. वाङ्निश्चय झाल्याशिवाय तरुणाने मुलीला पत्र लिहायचं नाही, असा संकेत होता. 'मॅन्सफिल्ड पार्क'मध्ये हेन्री आपल्या बहिणीच्या पत्रांत फॅनीसाठी चार ओळी घुसडतो. बहिणीचं पत्र नाकारता येत नाही, त्यामुळे ते चोरवाटेने चाललेलं प्रियाराधन तिला मुकाट वाचावं लागतं.

पाणपोई

जॉर्जेट हेयरचं नाव अजून कसं आलं नाही? 'अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट', १९६१. कर्जात बुडालेला तरुण व्हायकाउंट अ‍ॅडम, आणि जेनी चॉली, लंडनच्या गडगंज व्यापाऱ्याची साधी, बुटकी, बुजरी मुलगी. लग्न व्यवहाराचं. अ‍ॅडमचं प्रेम दुसऱ्याच एका सुंदर मुलीवर, आणि ती जेनीची मैत्रीण. जेनीचं मात्र अ‍ॅडमवर आधीपासून आहे आणि ती अवाक्षर काढत नाही. इथे प्रियाराधन लग्नानंतर सुरू होतं आणि तेही एकतर्फी: त्याला जेवणात काय आवडतं, कशाने त्रास होतो, कधी एकटं सोडावं, हे ती गुपचूप जुळवत राहते. शेवट वॉटर्लूच्या लढाईच्या वेळचा. भाचीला एखादा धडधडणारा कबुलीजबाब हवा असेल तर इथे नाही. थोडं मोठं झाल्यावर जास्त भिडेल.

आत्तासाठी त्यांचीच 'स्प्रिग मसलिन' द्या. लेडी हेस्टर ही अर्लची मुलगी, एकोणतीस वर्षांची, घरच्यांनी कोपऱ्यात टाकलेली. सर गॅरेथ मागणी घालतो आणि ती नाकारते, कारण तिचं त्याच्यावर प्रेम आहे आणि त्याचं नाही हे तिला कळतं. पुस्तक हसतंखेळतं आहे.

कोरीपाटी

+१ लेडी हेस्टरला.

दूरदेशी

इंग्लंडबाहेर गेलेलं चालणार असेल तर टॉलस्टॉयच्या 'वॉर अँड पीस'मधली प्रिन्सेस मार्या. अख्खं पुस्तक आत्ता नको, पण एक भाग भाचीच्या तक्रारीशी तंतोतंत जुळतो. देखणा, उनाड अनातोल तिला बघायला येणार असतो. भावजय आणि सोबतीण प्रेमानेच तिला सजवायला बसतात. केस वर बांधतात, वेगळा पोशाख घालतात, आणि ती आणखीच वाईट दिसायला लागते. त्या दोघींनाही ते कळतं. चेहरा आणि घाबरलेपण बदलत नाही, फक्त त्याभोवतीची सजावट बदलते. तिचे टपोरे, तेजस्वी डोळे हेच तिचं सौंदर्य, आणि ते ती स्वतःचा विचार करत नसते तेव्हाच दिसतं. अनातोलला ते दिसत नाही. त्याच भेटीत तो तिच्या सोबतिणीशी लगट करताना सापडतो आणि ही त्याला नाही म्हणते.

पुढे १८१२ च्या युद्धात निकोलाय रोस्तोव तिला अडचणीतून सोडवतो आणि त्याला ते डोळे दिसतात. नंतर तो कर्जबाजारी होतो, अभिमानाने तिच्याशी कोरडं वागायला लागतो. तेव्हा ही बुजरी बाईच विचारते, तुम्ही असं का वागताय? विचारताना तिला रडू येतं. धिटाई अंगात येऊन ती विचारत नाही. लाजतच विचारते.

रानजाई

हा शेवटचा भाग भाचीला मोठ्याने वाचून दाखवला. काही बोलली नाही, पण फोन मागून घेतला आणि सगळा धागा स्वतः वाचत बसली.

'एव्हेलिना' आधी, मग 'पर्सुएशन', असं तिनेच ठरवलंय. फॅनीचं नाव वहीत लिहून ठेवलंय. 'एव्हेलिना' छापील घ्यावी की फोनवर वाचू द्यावी?

माजघर

छापील घ्या, टिपा असलेली. बर्नी, ऑस्टिन, टॉलस्टॉय फुकट उतरवून घेता येतात, पण त्या काळचं लंडन टिपांशिवाय निसटतं. रॅनेला आणि व्हॉक्सहॉल या सार्वजनिक बागा होत्या, तिथे संध्याकाळी कोण कुणाबरोबर फिरतंय याला महत्त्व होतं. हे माहीत नसेल तर एव्हेलिना अंधाऱ्या वाटेवर एकटी सापडते तेव्हा एवढी का हादरते ते कळणार नाही. हेयरची पुस्तकं विकतच घ्यावी लागतील. जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आधी बघा, तिथे बऱ्याचदा मिळतात.